टेबलाखालचं खोकं : जुन्या रेकॉर्डींची दुकानं आणि रेकॉर्डी उपसण्याचा आनंद

विषय आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानांचा असला तरी सुरुवात आम्ही न्यूयॉर्कपासून करणार आहोत. काळजी करू नका, थोड्याच वेळात पुण्याच्या जुन्या बाजारात पोहोचू.

साल 1977. व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीसाठी कार्ल सेगन आणि त्यांची मंडळी जगभरातलं संगीत निवडत होती. भारतीय संगीतातून काय घ्यावं, याबद्दल रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकांनी नाव सुचवलं ते केसरबाई केरकरांचं. भैरवी, साडेतीन मिनिटांची. अडचण एकच : रेकॉर्ड बाजारात मिळेना. शेवटी अॅन ड्रुयन यांना ती सापडली लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला एका टेबलाखाली ठेवलेल्या तपकिरी खोक्यात. ही हकीकत त्या तबकडीवरच्या पुस्तकात आलेली आहे. ते दुकान रेकॉर्डींचंसुद्धा नव्हतं, हे लक्षात घ्या. पहिलं यान 20 ऑगस्टला सुटलं, दुसरं 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब. ते 1946 पर्यंत होते. म्हणजे भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतर चव्वेचाळीस वर्षं. तरी त्यांनी रेकॉर्ड दिली नाही. गुरूंचा आवाज मुंबईतही ऐकायला मिळत नाही आणि शिष्येचा सूर्यमालेच्या पलीकडे निघाला, आणि या दोन टोकांच्या मध्ये एक खोकं आहे. ते खोकं कोणी रद्दीत दिलं असतं तर? आज आपल्याला बोलायचंय ते अशा खोक्यांबद्दल.

थोडी पार्श्वभूमी. फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबर 1902 मध्ये भारतातलं पहिलं व्यापारी ध्वनिमुद्रण झालं. गौहरजान त्याच फेरीत गायल्या. भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये वारले. दोन वर्षांहूनही कमी फरक! भाऊरावांचा आवाज कसा होता, हे आपण फक्त वाचायचं. सुरुवातीच्या मेणाच्या तबकड्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे रेकॉर्डी छापल्या जात आणि परत येत. तिथल्या कामगाराला कुठली गायिका कोण, हे कसं कळावं? म्हणून गाणं संपता संपता कलाकार आपलं नाव पुकारत असे. गौहरजान इंग्रजीत सांगत, जानकीबाई नावाबरोबर अलाहाबादही सांगत. पुढे 1908 च्या सुमारास कलकत्त्यातच कारखाना निघाला, मग दमदमचा. या रेकॉर्डींमधली लाख आपल्याच जंगलातली. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं ते मिश्रण. पडली की खापर होणार, पण वाळवी लागणार नाही की बुरशीने सहज कुजणार नाही. कागदापेक्षा टिकाऊ इतिहास, फक्त जड. शंभर रेकॉर्डी म्हणजे वीस किलोच्या आसपास वजन.

हे वजन महत्त्वाचं आहे, कारण रेकॉर्डी घराबाहेर पडल्या त्या बऱ्याचदा त्यापायीच. 1960 च्या दशकात एलपी रुळल्या, ट्रान्झिस्टर आला, आणि चावीच्या फोनोबरोबर 78 च्या रेकॉर्डी माळ्यावर गेल्या. 1980 च्या दशकात कॅसेटने एलपींना माळ्यावर पाठवलं. पण माळ्यावरून दुकानात आणलं कोणी? आमचं मत असं की ते काम कॅसेटने केलं नाही, घरांनी केलं. पेठांमधले वाडे पडले, चाळीच्या जागी इमारती आल्या, दोन खोल्यांच्या फ्लॅटला माळाच नसतो. आजोबांच्या वीस-वीस किलोंच्या पेट्या ठेवायच्या कुठे? मग भंगारवाला, मग जुना बाजार. म्हणजे आपण ज्याला दुकानांचा सुवर्णकाळ म्हणतो, तो खरं तर घरं मोडण्याचा काळ होता. हे जरा कडू आहे, पण सांगायला हवं.

त्या काळात आम्ही उपसायला शिकलो. मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट आणि शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणारा बाजार. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. कलकत्त्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर आणि दिल्लीत जामा मशिदीजवळही अशी दुकानं होती, तिथे जाणं व्हायचं ते कामाच्या निमित्ताने. पद्धत सगळीकडे सारखीच. दुकानदार एक स्टूल द्यायचा, कधी तेही नाही. रेकॉर्डी आडव्या एकावर एक रचलेल्या असायच्या, आणि खालची काढायची तर वरच्या तीस उतरवाव्याच लागायच्या. गंमत त्या तिसांतच होती. आम्ही बालगंधर्व शोधायला जायचो आणि हातात यायचं कीर्तन, कोणाचं तरी भाषण, नकलाकाराची विनोदी रेकॉर्ड, कोकणी गाणी, लग्नातलं सनई-वादन, आणि मध्येच बीटल्स. (हो, बीटल्सची गाणी 78 च्या रेकॉर्डवर छापलेली भारतात मिळतात. बाकी जगाने तो वेग सोडून दिला तरी आपण तो चालवत होतो.) तासाभराने हात काळे, नाकात धूळ, आणि ज्याचं नावही ऐकलेलं नाही अशा माणसाचं गाणं पिशवीत.

दुकानदार हा त्या व्यवहारातला मोठा माणूस. एका चाचांना वाचता यायचं ते फक्त उर्दू, पण मराठी नाट्यपदांच्या रेकॉर्डी ते लेबलच्या रंगावरून आणि त्यावरच्या चित्रावरून वेगळ्या काढून ठेवत. ‘‘भाईसाब, ये आपका नाटकवाला माल,’’ म्हणून गठ्ठा पुढे सरकवत. बहुतेक वेळा बरोबर असायचं. दर नगावर ठरायचा, गायकावर नाही. फुटकी असेल तर फुकट. आम्ही फुटक्याही घ्यायचो, लेबलसाठी.

एका गोष्टीबद्दल विस्ताराने सांगतो. जुन्या बाजारात आम्हाला एक रेकॉर्ड मिळाली, जिचं लेबल पूर्ण निघून गेलं होतं. दुकानदार म्हणाला, पानशेतच्या पाण्यातली असणार. 12 जुलै 1961 च्या पुराच्या खात्यावर पुण्यात काय काय जमा होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही तो पुरावा मानला नाही. घरी आणली, पाण्याने पुसली, लावली. बाईचा आवाज, चढा, तीन मिनिटांत घाईघाईने उरकलेला ख्याल. आणि शेवटी, सारंगी थांबल्यावर, तिने नाव सांगितलं. पहिला शब्द स्वच्छ, दुसऱ्यावर ओरखडा. आम्ही तो शेवट किती वेळा ऐकला असेल, सांगता येत नाही. हॅनोव्हरच्या कामगारासाठी पुकारलेलं नाव पुण्यात आमच्या खोलीत पोहोचलं होतं, अर्धं का होईना.

मग तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात कोरलेला आकडा वाचला. तो मूळ मेणाच्या तबकडीचा क्रमांक. त्याच्या शेजारच्या बारीक अक्षरावरून मुद्रण करणारा तंत्रज्ञ कोण, हे कळतं आणि त्यावरून फेरीचं साल. मायकेल किनिअर यांनी 1899 ते 1908 या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची यादी केली, ती 1994 मध्ये मुंबईतून छापून आली. अशा यादीत आकडा सापडला की उरलेलं नाव मिळतं. आम्हालाही मिळालं. पण नाव मिळाल्यावर पुढे काय? बाईंचा जन्म कधीचा, शिकल्या कोणाकडे, गेल्या कधी, काही नाही. कलावंतिणींच्या घरातल्या कित्येक गायिकांची चरित्रं कोणी लिहिलीच नाहीत. त्यांच्याबद्दलचा ढळढळीत पुरावा म्हणजे ही तबकडी आणि शेवटची दोन सेकंदं.

असं काम करणारी माणसं आपल्याकडे आधीपासून आहेत. मुंबईत 1990 मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली, डॉ. सुरेश चांदवणकर आणि इतरांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवलं. आज आपण भारतीय ध्वनिमुद्रणाचा इतिहास म्हणून जे वाचतो, त्याचा बराच भाग सरकारी दफ्तरातून आलेला नाही. तो अशा हौशी लोकांनी बाजारातून पिशव्या भरून आणलेला आहे.

आता दुकानं का गेली? लगेच उत्तर येतं : यूट्यूब. आम्हाला ते पुरतं पटत नाही. उलट संग्राहकांनी आपापल्या रेकॉर्डी तिथे टाकल्यामुळे केसरबाई आज ऐकायला जितक्या सोप्या आहेत तितक्या त्यांच्या हयातीतही नव्हत्या. ज्याला तक्रार करायची त्याने आधी हे मान्य करावं. एक कारण साधं आहे, माल संपला. मोडायचे वाडे मोडून झाले. दुसरं, भाडी. तिसऱ्याबद्दल फार कोणी बोलत नाही : मोबाइल. आता विक्रेता रेकॉर्ड हातात घेतो, परदेशी संकेतस्थळावर तिची किंमत बघतो आणि ती सांगतो. त्यात त्याचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. त्याच्या अज्ञानावर आमचा आनंद उभा होता, हे कबूल करायला हवं. तीस रुपयांत आम्ही जे नेलं त्याची किंमत त्याला माहीत असती तर त्याने दिलं नसतं. पण परिणाम असा झाला की ज्या रेकॉर्डची किंमत सापडते ती काचेच्या कपाटात गेली, आणि जिची सापडत नाही, जिच्या लेबलवरचं नाव कोणाला माहीत नाही, ती ठेवून घ्यायला जागा नाही म्हणून टाकली जाते. आमच्या त्या बाईची रेकॉर्ड दुसऱ्या प्रकारात मोडते.

2016 मध्ये काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, आणि ते योग्यच होतं. पण ते नव्या मालाचं दुकान. तिथली प्रत्येक रेकॉर्ड कुठल्या तरी कंपनीच्या यादीत होतीच. आमचे चाचा दुकान बंद करून गेले तेव्हा बातमी आली नाही. आम्ही दोन महिन्यांनी गेलो तर तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. उरलेला माल कुठे गेला, हे शेजारच्याला विचारलं. त्याने हाताने फक्त ‘गेला’ अशी खूण केली.

शोधपेटीत काहीतरी लिहावं लागतं. नाव, राग, नाटक, काहीतरी. आमच्या त्या बाईंसाठी आम्ही काय लिहिणार होतो? खोक्याला असलं काही लागत नसे, वरच्या तीस उतरवायची तयारी लागे. डिजिटल संग्रह करणाऱ्या मित्रांशी आम्ही यावर भांडतो. ते म्हणतात, यादी पूर्ण झाली की प्रश्न सुटेल. पण यादीत घालायची वस्तूच भंगारात गेली तर?

प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी, दर वेळी कोणी ना कोणी विचारतं म्हणून सांगून टाकतो. घरात 78 च्या रेकॉर्डी असतील तर स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. साधं पाणी, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवून. एलपीच्या सुईवर लावू नका, 78 ची खोबण रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. उभ्या ठेवा. आणि द्यायच्याच असतील तर देण्यापूर्वी प्रत्येकीच्या मधल्या भागात कोरलेला आकडा, शेजारच्या अक्षरासकट, वहीत उतरवून घ्या. लेबल नसेल तर आधी उतरवा. वही आमच्याकडे पाठवलीत तर आम्ही ती यादीशी ताडून बघू.