उरलेल्या अकरा गोळ्या

गेल्या पावसाळ्यात घाटनांदूरला पुतण्याला जुलाब लागले. आशाताईंनी ओआरएस आणि झिंकच्या १४ गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, वहिनीने गोळ्याही थांबवल्या. मी कोड लिहिणारा माणूस. एरर गेला की टॅब बंद. तरी उरलेल्या अकरा गोळ्या डोळ्यांत खुपत होत्या, म्हणून वाचायला बसलो.

झिंक म्हणजे आपलं जस्त. उदयपूरजवळच्या जावरला मातीच्या मुशींतून त्याची वाफ काढून ती थंड करत. धातू इतका जुना, पण माणसाला तो कमी पडू शकतो ही शंका छापून आली १९६१ साली. बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद त्याआधी इराणमधल्या शिराझला होते. समोर वाढ खुंटलेले, कोरड्या खरखरीत कातडीचे तरुण. जेवण मुख्यतः रोटी. धान्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. (भाकरीवर वाढलेला मी इथे जरा थांबलो.)

१९७३ मध्ये लंडनच्या डॉ. मॉयनाहन यांनी त्याहून भयंकर आजाराचं कोडं सोडवलं. तोंडाभोवती, गुदाभोवती जखमा, केस गळणं, जुलाब. अशी बाळं दगावत. जस्त दिलं आणि कातडी भरून आली. त्वचेच्या आणि आतड्याच्या पेशी सतत नव्या बनतात, त्यासाठी जस्त लागतं; म्हणून तुटवडा आधी तिथेच दिसतो.

जुलाबात जस्त वाहून जातं. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ १० ते १४ दिवस गोळ्या द्यायला सांगतात, त्या ही भरपाई करायला. पुढचे दोन-तीन महिने जुलाबही कमी होतात.

वहिनीला सांगितलं. “मग आधी नाही का सांगायचं, भावजी?” म्हणत तिने चमच्यातल्या पाण्यात चौथी गोळी विरघळवली.