नजरेचे कुलूप : चालत्या वाहनातील पडद्यावरील निर्बंध आणि त्यांना दिलेली बगल – एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : पोलादपूर परिसर)

प्रस्तावना

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग महाड ओलांडून पोलादपूरला येतो तेव्हा प्रवासाचे स्वरूप बदलते. येथून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाटाचा रस्ता फुटतो, तर दक्षिणेस खेडच्या दिशेने कशेडी घाट लागतो. वाहन चालविण्याच्या कौशल्याची परीक्षा पाहणारे हे दोन्ही मार्ग आहेत. गेल्या दोन-अडीच दशकांत या मार्गांवरून जाणाऱ्या मोटारींच्या डॅशबोर्डवर एक नवी वस्तू आली, ती म्हणजे पडदा. नकाशा, गाणी, दूरध्वनी आणि चित्रपट हे सारे एकाच चौकटीत सामावले. वाहन चालू असताना या पडद्याच्या काही सुविधा आपोआप बंद राहाव्यात, अशी व्यवस्था निर्मात्यांनी केली. परंतु कुलूप आले त्यापाठोपाठ ते उघडण्याची युक्तीही आली. या कुलपाचा आणि त्याला दिलेल्या बगलेचा इतिहास पाहून भारतीय कायद्याने त्याची कितपत दखल घेतली, याचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

पाटीवरचा निर्बंध : एस.टी. आणि व्हिडिओ कोच

चालकाचे लक्ष विचलित होऊ नये हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचलेल्या या गाड्यांत 'चालकाशी बोलू नये' ही रंगवलेली पाटी प्रवाशांच्या नित्य परिचयाची झाली. येथे निर्बंध शब्दांत होता आणि त्याचे पालन प्रवाशाच्या समजुतीवर सोडलेले होते. शिवाय तो कानाशी आणि जिभेशी संबंधित होता. चालकाच्या नजरेसमोर रस्त्याखेरीज पाहण्याजोगे काही नव्हते, त्यामुळे नजरेवर निर्बंध घालण्याची वेळच आली नव्हती.

१९८० च्या दशकात खाजगी आरामगाड्यांमध्ये दूरचित्रवाणी संच आणि व्हिडिओ आले. अशा गाडीला 'व्हिडिओ कोच' हे नाव मिळाले. गणपतीला आणि शिमग्याला गावी निघालेल्या कोकणातील चाकरमान्यांची रात्र या संचासमोर सरू लागली. येथे एक साधी पण महत्त्वाची गोष्ट नोंदवली पाहिजे. संच चालकाच्या पाठीमागे, प्रवाशांकडे तोंड करून बसविलेला असे. म्हणजे पडदा वाहनात आला, तरी चालक आणि पडदा यांच्यामध्ये आसनांच्या रचनेनेच भिंत उभी केली होती. अन्य देशांच्या नियमांतही हेच तत्त्व दिसते. अमेरिकेत व्यापारी वाहनांतील दूरचित्रवाणी संच चालकाच्या आसनाच्या पाठीमागे असावा, असा नियम आहे. ब्रिटनच्या १९८६ च्या वाहन बांधणी व वापर नियमांतील १०९ व्या नियमानुसार, वाहन किंवा मार्ग यांच्याशी संबंधित माहिती वगळता इतर दृश्ये दाखविणारा पडदा चालकाला दिसेल अशा जागी असता कामा नये. पडदा कोठे असावा, एवढाच तोवर प्रश्न होता.

पडदा डॅशबोर्डवर येतो

हे स्थानाचे तत्त्व मोडीत काढले ते नकाशाने. १९८१ साली जपानमध्ये होंडाने 'इलेक्ट्रो जायरोकेटर' हे मार्गदर्शक यंत्र आणले. १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरा या अमेरिकन मोटारीत स्पर्शाने चालणारा पडदा बसविण्यात आला. १९९० मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मो या मोटारीत उपग्रहाधारित मार्गदर्शन उपलब्ध झाले. नकाशा चालकासाठीच असल्याने तो चालकासमोरच हवा होता. परंतु नकाशा दाखविणारा पडदा दूरचित्रवाणीही दाखवू शकतो. एकाच वस्तूत आवश्यक आणि घातक अशी दोन्ही कामे आल्यामुळे जागेवर आधारलेला निर्बंध अपुरा ठरला आणि प्रसंगावर आधारलेला निर्बंध जन्माला आला : गाडी थांबलेली असेल तर चित्रपट दिसेल, चालू असेल तर दिसणार नाही.

जपानच्या मोटारनिर्मात्यांच्या संघटनेने १९९० मध्येच यासंबंधी स्वेच्छेने पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे ठरविली. २००४ च्या आवृत्तीत, पडद्यावरील एखादे काम करताना नजर त्यावर एकूण आठ सेकंदांपेक्षा अधिक काळ जाऊ नये, अशी मर्यादा घालण्यात आली. जपानच्या वाहतूक कायद्यात १९९९ मध्ये झालेली दुरुस्ती याहून महत्त्वाची आहे. वाहन चालविताना हातातील दूरध्वनी वापरण्याबरोबरच पडद्याकडे टक लावून पाहणे हेही तिने निषिद्ध ठरविले. म्हणजे तेथील कायद्याने हाताबरोबर नजरेचाही विचार केला.

अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शंभर मोटारींच्या निरीक्षणावरील अभ्यासातून असे दिसले की, नजर रस्त्यावरून दोन सेकंदांहून अधिक काळ हटल्यास अपघाताचा किंवा अपघात थोडक्यात टळण्याच्या प्रसंगाचा धोका किमान दुप्पट होतो. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एका दृष्टिक्षेपाला दोन सेकंद आणि संपूर्ण कामाला बारा सेकंद ही मर्यादा सुचविली. चालत्या वाहनात चित्रफीत पाहणे, मजकूर टंकणे यांसारख्या सुविधा बंदच ठेवाव्यात, असेही त्यांत म्हटले. ही तत्त्वेसुद्धा ऐच्छिकच होती.

कुलूप कसे चालते, कसे निघते

प्रारंभीच्या काळात हे कुलूप अत्यंत साधे होते. पडद्याच्या मागून निघणारी एक तार हँडब्रेकच्या खटक्याला जोडलेली असे. हँडब्रेक ओढला की मंडल पूर्ण होई आणि चित्र दिसू लागे. पुढे या तारेच्या जोडीला चाकांच्या गतीचा संकेत आला. त्यानंतर वाहनातील संगणकीय जाळ्यावरून येणारा संदेश आणि उपग्रहावरून काढलेली गती यांचाही उपयोग होऊ लागला.

हे कुलूप उघडण्याच्या पद्धतीही त्याच क्रमाने विकसित झाल्या. हँडब्रेकची तार कायमची 'बॉडी अर्थ'ला देणे ही पहिली पायरी होती. कार डेकोरच्या दुकानांत नवा पडदा बसविताना हे काम सहज होऊन जाई, आणि गाडी नेहमी उभीच आहे अशी पडद्याची समजूत होई. निर्मात्यांनी संकेत बदलले तेव्हा खोटा संकेत पुरविणारी छोटी उपकरणे बाजारात आली. अँड्रॉइडवर चालणाऱ्या अनेक स्वस्त पडद्यांत तर चालत्या गाडीत चित्रफीत दाखवावी की नाही, हा पर्याय मालकाच्याच हाती दिलेला असतो. अलीकडे 'एआय बॉक्स' या नावाने विकली जाणारी डबी मूळच्या पडद्याला नुसती जोडली की चित्रपट दिसू लागतो. येथे तार कापावी लागत नाही, त्यामुळे फेरफाराची खूणही मागे राहत नाही.

कुलूप काढणारा केवळ वापरणाराच असतो असेही नाही. अमेरिकेत टेस्ला कंपनीने डिसेंबर २०२० पासून आपल्या मोटारींच्या पुढील पडद्यावर चालत्या गाडीतही खेळ खेळण्याची मुभा दिली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ५,८०,००० वाहनांबाबत शासकीय चौकशी सुरू झाल्यावर ती मागे घेण्यात आली.

बगल देणाऱ्यांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. कुलूप चालक आणि शेजारी बसलेला प्रवासी यांच्यात भेद करू शकत नाही. शेजारच्या व्यक्तीला मुक्कामाचा पत्ता भरावयाचा असेल तरी पडदा नकार देतो. ही तक्रार खरी आहे. शार्प कंपनीने २००५ मध्ये दोन बाजूंनी दोन वेगवेगळी चित्रे दाखविणारा पडदा तयार केला आणि २००९ मध्ये मर्सिडीजने तशी सोय आपल्या मोटारीत दिली, ती याच अडचणीवरील उत्तर म्हणून. मात्र ही सोय महागड्या मोटारींपुरती राहिली. सामान्य मोटारीत प्रवाशासाठी उघडलेले कुलूप चालकासाठीही उघडेच राहते.

भारतीय कायदा : हात आणि नजर

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील २१ व्या नियमाने चालविताना मोबाईल वापरणे हे आक्षेपार्ह वर्तन मानले. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या दुरुस्त कलम १८४ नुसार 'हातात धरावयाची संपर्क साधने' वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरले. वाढीव दंडाची अंमलबजावणी महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये झाली. दरम्यान १ ऑक्टोबर २०२० पासून अशा साधनांचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी, आणि तोही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने, करण्यास मुभा मिळाली.

या सर्व तरतुदींत भर आहे तो हातावर. डॅशबोर्डवर कायमचा बसविलेला पडदा हातात धरलेला नसतो. कुशल आणि दक्ष चालकाकडून अपेक्षित असलेल्या वर्तनापेक्षा फारच कमी दर्जाचे वाहनचालन, या कलम १८४ मधील व्यापक शब्दांखाली तो आणता येईल. पण मग ते पोलिसाला सिद्ध करावे लागते.

फेरफाराच्या बाजूने पाहिले तर कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडले. कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन, सांगाडा, रंग, आसनसंख्या यांची नोंद असते. पडद्याची नसते, आणि त्यामागच्या एका तारेची तर नसतेच.

आकडेवारीतही हीच उणीव आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२१ च्या अहवालात मोबाईलच्या वापरामुळे १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू नोंदविले आहेत. डॅशबोर्डवरील पडद्यासाठी मात्र वेगळा रकाना नाही. ज्या कारणाला रकाना नाही ते 'इतर' या सदरात विरून जाते.

मार्च २०२५ मध्ये दादरहून पुण्याकडे जाणाऱ्या ई-शिवनेरी बसचा चालक मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याची चित्रफीत एका प्रवाशाने प्रसृत केली. परिवहनमंत्र्यांच्या आदेशानंतर चालकाला बडतर्फ करण्यात आले आणि कंत्राटदार संस्थेस ५,००० रुपये दंड झाला. येथे गुन्हा उघडकीस आणला तो प्रवाशाने, कोणत्याही यंत्रणेने नव्हे. खाजगी मोटारीत असा साक्षीदार बहुधा नसतो.

घाटाचा संदर्भ

पोलादपूरच्या संदर्भात या चर्चेला वेगळे वजन प्राप्त होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे २२ मीटर, तर ६० च्या वेगाने ३३ मीटर अंतर कापते. आंबेनळीसारख्या घाटात एवढ्या अंतरात रस्ता दिशा बदलून मोकळा होतो. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि केवळ एक जण वाचला. त्या दुर्घटनेचा पडद्याशी संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही. तथापि घाट चुकीला किती थोडी जागा देतो, हे तिच्यामुळे या परिसराच्या स्मरणात कोरले गेले आहे.

कशेडीचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. जुन्या घाटातील वळणे हेच चालकाच्या नजरेचे कुलूप होते. नजर हटविण्याची सवडच ती देत नसत. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीचा एक बोगदा हलक्या वाहनांसाठी खुला झाला आणि वळणांचा ताण हलका झाला. ही सोय स्वागतार्ह आहे. पण रस्ता सरळ झाला की वेग वाढतो आणि नजरेला मोकळीक मिळते. शिवाय बोगद्यात उपग्रहाचा संकेत पोहोचत नसल्याने केवळ त्यावर विसंबणारे गतिमापन तेथे निरुपयोगी ठरते. रस्त्याने घातलेला निर्बंध सुटतो तेथेच यंत्राच्या निर्बंधाची खरी गरज भासते, आणि नेमका तोच एका तारेने निष्प्रभ केलेला असतो.

समारोप

पाटी, आसनांची रचना, तार आणि संगणकीय संदेश असा या निर्बंधाचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर निर्बंध अधिक यांत्रिक होत गेला, तरी अखेरीस तो मालकाच्या संमतीवरच उभा राहिला. तार जोडून घेणारा मालक धोका स्वतःपुरता पत्करल्याचे मानतो. वास्तविक मागच्या आसनावरील मुलाची, समोरून येणाऱ्या एस.टी.तील प्रवाशांची आणि रस्त्याकडेने चालणाऱ्या ग्रामस्थांची संमती त्याने घेतलेली नसते. म्हणून कायद्याने हाताइतकाच नजरेचा विचार करणे, वाहन तपासणीत पडद्याच्या कुलपाचा समावेश करणे आणि अपघात नोंदीत त्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवणे या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. 'चालकाशी बोलू नये' या पाटीमागे जी साधी जाण होती, तिला पडद्याच्या युगात कायद्याचे आणि नोंदीचे पाठबळ मिळणे अगत्याचे आहे.