पणिक्कर: पेकिंगमधील एक ऑक्टोबर

सरदार के. एम. पणिक्कर हे नाव मराठी वाचकाला बहुधा राज्य पुनर्रचना आयोगामुळे आठवते. फाजलअली आणि हृदयनाथ कुंझरू यांच्यासह ते ज्या आयोगाचे सदस्य होते, त्याने १९५५ मध्ये मुंबईचे द्वैभाषिक राज्य व वेगळा विदर्भ सुचविला. त्यावर महाराष्ट्रात जो क्षोभ उसळला, त्यात पणिक्करांचे उरलेले कर्तृत्व आपल्यापुरते झाकले गेले. वस्तुतः ते आधी इतिहासकार, मल्याळम् भाषेतील कादंबरीकार, आणि मग मुत्सद्दी. हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून त्यांची चीनमधील कारकीर्द उलगडत नाही.

त्रावणकोरमधील कावालम् येथे १८९५ मध्ये जन्म, ऑक्सफर्डचे शिक्षण, अलीगढला अध्यापन, काही काळ पत्रकारिता, पुढे संस्थानांची चाकरी आणि शेवटी बिकानेरची दिवाणगिरी, असा त्यांचा पूर्वार्ध. या धावपळीतही लेखणी थांबली नाही. पळशी राजाच्या बंडावर त्यांनी ‘केरळसिंहम्’ ही कादंबरी लिहिली. १९४५ मध्ये हिंदी महासागरावरील त्यांचा छोटेखानी ग्रंथ आला. आपले इतिहासकार खैबरखिंडीकडे डोळे लावून बसले आणि हिंदुस्थानचे स्वातंत्र्य मात्र समुद्रावरील सत्ता गमावल्यामुळे गेले, हा त्याचा गाभा. मलबारच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाचीच ही दृष्टी! वास्को द गामापासून सुरू झालेले युग आशियात संपत आहे, ही धारणा घेऊन ते १९४८ मध्ये राजदूत म्हणून नानकिंगला गेले. राजवट बदलली आणि १९५० च्या मे महिन्यात त्यांनी पेकिंगमध्ये नव्या सरकारला आपली अधिकारपत्रे सादर केली.

त्या वर्षीच्या ३ ऑक्टोबरला, मध्यरात्र उलटल्यावर, पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी बोलावून घेतले. अमेरिकन फौजांनी कोरियातील ३८ वे अक्षवृत्त ओलांडले, तर चीन युद्धात उतरेल, एवढाच निरोप होता. पणिक्करांनी तो तत्काळ दिल्लीला कळविला आणि दिल्लीने लंडन-वॉशिंग्टनला. त्यावर विश्वास ठेवला गेला नाही. पणिक्कर हे चीनचे पक्षपाती, त्यांच्या तोंडून येणारी धमकी पोकळच असणार, असा वॉशिंग्टनचा ग्रह होता. निरोपाची पारख निरोप्यावरून झाली. काही दिवसांतच फौजा उत्तरेत शिरल्या. १९ ऑक्टोबरला चिनी सैन्याने यालू नदी ओलांडली, आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे कोरियाची राखरांगोळी होत राहिली.

मात्र त्याच १९ ऑक्टोबरला दुसऱ्या टोकाला, पूर्व तिबेटातील चामदो चिनी सैन्याच्या हाती पडले. या मोहिमेचा पुरेसा इशारा दिल्लीला मिळाला नव्हता. ७ नोव्हेंबरच्या पत्रात सरदार पटेलांनी नेहरूंना हेच बजावले: आपला राजदूत चिनी धोरणाचे समर्थन शोधण्यात फार कष्ट घेतो आहे. पणिक्करांची बाजू त्यांच्या ‘इन टू चायनाज’ (१९५५) या आठवणींत सापडते. चीनमधील कोणत्याही सरकारने, अगदी कुओमिंतांगनेही, तिबेटवरील हक्क कधी सोडला नव्हता. तेव्हा ब्रिटिशांकडून वारशाने आलेला विशेषाधिकार भारताला टिकविता येणार नाही, हा निष्कर्ष त्यांनी पेकिंगला निघण्यापूर्वीच काढला होता. युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. पण निघण्यापूर्वीच काढलेला निष्कर्ष राजदूताला काय पाहू देतो, हा प्रश्न त्या पानांवर त्यांना पडलेला दिसत नाही.

माझ्या मते या दोन प्रसंगांतले पणिक्कर वेगळे नाहीत. चिनी क्रांती हा आशियाच्या इतिहासातील खरा पालट आहे, अशी खात्री असल्यामुळेच चौंचा शब्द त्यांना पोकळ वाटला नाही. आणि त्याच खात्रीपुढे, साडेचार शतकांच्या हिशेबात, तिबेट त्यांना किरकोळ तपशील वाटला. त्यांना चीनचे हस्तक म्हणणे हा अन्याय होईल. दृष्टी समुद्राकडे लागली होती, पाठीमागे डोंगर होता.

पेकिंगनंतर ते कैरो व पॅरिस येथे राजदूत झाले आणि अखेरीस म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू. १० डिसेंबर १९६३ रोजी, चीनशी झालेल्या युद्धानंतर वर्षभराने, ते तेथेच वारले. त्याच वर्षी मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्याचा विषय होता भारतीय जीवनातील हिमालय.