स्क्वॉश, जागतिक महिला सांघिक अजिंक्यपद स्पर्धा

स्त्रियांच्या राष्ट्रीय संघांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. ती प्रथम १९७९ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे भरली व ग्रेट ब्रिटनने जिंकली. प्रत्येक लढतीत तीन एकेरी सामने असतात व त्यांपैकी दोन जिंकणारा संघ विजयी ठरतो. त्यामुळे संघाचे खरे बळ बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूवरून कळते. आठ वेळा वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणाऱ्या निकोल डेव्हिडलाही मलेशियास हे अजिंक्यपद मिळवून देता आले नाही. २०१४ मध्ये अंतिम फेरीत इंग्लंडने मलेशियाला हरविले. २००६ पर्यंतच्या पंधराही स्पर्धा ब्रिटन (१९८५ पासून इंग्लंड) व ऑस्ट्रेलिया यांनीच जिंकल्या होत्या. ही मक्तेदारी २००८ मध्ये ईजिप्तने कैरो येथे मोडली. पुढे २०१६, २०१८, २०२२ व २०२४ अशी सलग चार विजेतेपदे ईजिप्तने मिळविली.