कबुलीचे व्याकरण

जुन्या बडोदेकर घरांत वाढलेल्या आम्हां मंडळींनी आजीच्या तोंडी आजोबांचे नाव ऐकले ते केवळ उखाण्यात. लग्न आधी, ओळख मागाहून, अशी ती रीत. तिच्यात जाच पुष्कळ होता. परंतु आपले प्रेम आपल्या तोंडाने सांगण्याची वेळच कोणावर येत नसे. मग ते सांगण्याचे भय तरी कोठून असणार? ते भय मराठी मध्यमवर्गाला खऱ्या अर्थाने भेटले महाविद्यालयांत, मुलगे व मुली एका वर्गात बसू लागल्यावर. त्याची किंमत मोजणाऱ्यांत आमच्याच गावचा एक कवी होता.

माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन, यांचा जन्म बडोद्याचा, १८९४ सालचा. १९१८ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवीत. पुढे प्रेमप्रकरणावरून गवगवा झाला आणि १९२४च्या सुमारास ती नोकरी सुटली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते आले १९२८ साली. मधल्या अस्थिर वर्षांतच त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) आणि 'विरहतरंग' हे खंडकाव्य (१९२६) प्रसिद्ध झाले. एका हाताने शब्दार्थ, दुसऱ्या हाताने विरह!

फार्सीची एक सोय येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. तिच्या सर्वनामांना व क्रियापदांना लिंग नाही. तो आणि ती यांना शब्द एकच. गझलेतील प्रियजन कोण, हे कवीने न सांगताही गझल पूर्ण होते. मराठी असा आडोसा देत नाही. 'आली' म्हणताच ती स्त्री ठरते, 'वाट पाहतो' म्हणताच बोलणारा पुरुष, आणि शेजारपाजारचे लोक नाव शोधू लागतात. माधवरावांनी गझल मराठीत रुजवली, १९३३ साली 'गज्जलांजलि' दिली. पण तो पडदा त्यांना बरोबर आणता आला नाही. टोपणनावाचाही उपयोग नव्हता. ज्यूलियन कोण, हे साऱ्या पुण्याला ठाऊक होते.

उत्तरायुष्यात याच कोशकाराने मराठीतून परके शब्द वगळण्याचा आग्रह धरला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. त्याची कारणे अभ्यासक भाषाविषयक देतात, व ती खरीच आहेत. आम्हांला मात्र तो ग्रंथ चाळताना राहून राहून वाटते, की ज्या भाषेने त्यांना प्रेमाची बोली शिकवली तिच्याकडेच ते पाठ फिरवीत होते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, ते गेले. वय अवघे पंचेचाळीस.