सोडून जाणाऱ्यांचा इतिहास

२०१६ साली प्रोजेक्टच्या कामासाठी तीन महिने अमेरिकेत युटा राज्यात होतो. आमच्या टीममधला एक जण रोज सकाळी कॉफी घेऊन यायचा. आता यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण गडी जन्मानं मॉर्मन, आणि मॉर्मन लोकांना चहा-कॉफी वर्ज्य! जोसेफ स्मिथला १८३३ साली झालेल्या साक्षात्कारातून आलेला नियम आहे हा. म्हणजे त्याच्या हातातला कप हा एक जाहीरनामाच होता.

"चर्च का सोडलंस?" असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "इतिहास वाचला म्हणून." मला वाटलं, विषय टाळतोय. मग वीकेंडला मीही वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की हे चर्च जितकं जुनं आहे, जवळपास तितकीच ते सोडण्याची परंपराही जुनी आहे.

चर्चची स्थापना १८३० ची, न्यूयॉर्क राज्यातली. देवदूतानं दिलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण 'बुक ऑफ मॉर्मन' भाषांतरित केलं, असं जोसेफ स्मिथ सांगायचा. हे पत्रे स्वतः पाहिल्याची साक्ष तिघांनी दिली होती: ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस. १८३७ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला चर्चच्या पुढाऱ्यांनी काढलेली पतसंस्था बुडाली, भांडणं झाली, आणि १८३८ पर्यंत हे तिघेही चर्चच्या बाहेर होते. गंमत म्हणजे साक्ष मात्र एकानंही मागे घेतली नाही. काउडरी आणि हॅरिस पुढे परतले, व्हिटमर शेवटपर्यंत नाही.

पण खरा स्फोट झाला १८४४ साली, इलिनॉयमधल्या नॉवू गावी. विल्यम लॉ हा जोसेफच्या अगदी आतल्या गोटातला, चर्चच्या सर्वोच्च मंडळातला माणूस. जोसेफ गुपचूप अनेक लग्नं करतोय हे त्याला कळलं. वाद झाला आणि त्याला काढून टाकलं. त्यानं सोबत्यांना घेऊन 'नॉवू एक्स्पोझिटर' नावाचं वर्तमानपत्र काढलं. ७ जूनला पहिला अंक निघाला, आणि तोच शेवटचा ठरला! जोसेफ गावचा महापौरही होता. १० जूनला नगरपालिकेच्या हुकमावरून छापखाना मोडून टाकला. त्यावरून जोसेफला अटक झाली, आणि २७ जूनला जमावानं कार्थेजच्या तुरुंगात घुसून त्याला आणि त्याच्या भावाला ठार मारलं.

युटात गेल्यावर १८५२ मध्ये चर्चनं बहुपत्नीत्व उघडपणे मान्य केलं आणि १८९० मध्ये ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. पण संस्थापकाच्या स्वतःच्या लग्नांबद्दल रविवारच्या वर्गात फारसं कोणी बोलायचं नाही. फॉन ब्रोडी या बाईंनी १९४५ मध्ये त्याचं चिकित्सक चरित्र लिहिलं, तर पुढच्याच वर्षी चर्चनं त्यांना बहिष्कृत केलं. त्यांचे सख्खे काका पुढे चर्चचे अध्यक्ष झाले, हे विशेष.

मग आलं इंटरनेट. आणि २०१४ मध्ये चर्चनं स्वतःच लेख प्रसिद्ध करून मान्य केलं की जोसेफच्या बायकांची संख्या ३० ते ४० असावी. त्यातली काही नाती फक्त परलोकापुरती होती, पण काही बायका आधीच विवाहित होत्या आणि एक तर पंधरा वर्षांचीही नव्हती. थोडक्यात, ज्या आरोपासाठी छापखाना फोडला, त्यातली मुख्य गोष्ट १७० वर्षांनी चर्चच्याच वेबसाईटवर आली. माझा सहकारी 'इतिहास' म्हणाला तो हा.

आता आकडे बघू. २०२४ अखेर चर्चच्या नोंदीत १ कोटी ७५ लाख सदस्य होते, म्हणजे कागदावर वाढच. पण यायचं बंद केलं म्हणून नाव आपोआप कमी होत नाही, त्यासाठी राजीनामा द्यावा लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबलात रो आहे, पण युजर कधीच लॉगिन करत नाही. प्यू या संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत अमेरिकेत मॉर्मन म्हणून वाढलेल्यांपैकी जेमतेम ५४ टक्के अजून स्वतःला मॉर्मन म्हणवतात. २००७ मध्ये हेच प्रमाण ७० टक्के होतं.

माझ्या सहकाऱ्यानं मात्र राजीनामा दिला नव्हता. कारण विचारलं, तर "आई" एवढंच म्हणाला. मॉर्मन श्रद्धेप्रमाणे मंदिरात बांधलेलं कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं. मुलगा बाहेर पडला, म्हणजे आईच्या लेखी अनंतकाळासाठी ताटातूट! मी तिथं असतानाच त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मंदिरात फक्त परवाना असलेल्यांनाच प्रवेश. हा सख्खा भाऊ सूट घालून दीड तास बाहेरच्या बाकावर बसला होता.

अमेरिकेत तेव्हा आधी साधं लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागायचं. २०१९ मध्ये चर्चनं ती अट काढली, त्यामुळे आता सगळ्यांसमोर लग्न करून लगेच मंदिरात जाता येतं. बातमी वाचून मी त्याला मेल टाकला. उत्तर एका ओळीचं आलं, "तीन वर्षं उशीर झाला."

असो. कोण बरोबर, कोण चूक हे ठरवणारा मी कोण? पण लोक धर्म सोडतात तो आळसानं किंवा चैनीसाठी, असं कोणी म्हणालं की मला तो बाकावर बसलेला सूटवाला आठवतो.