ग्लीझ ५८१ : एका ग्रहाची नोंद व तिचे निरसन

तूळ राशीतील ग्लीझ ५८१ हा सुमारे २० प्रकाशवर्षे दूर असलेला मंद तांबडा तारा. २००७ साली स्टेफान उद्री व त्यांचे सहकारी यांनी त्याभोवती 'डी' नामक ग्रह असल्याचे प्रसिद्ध केले. २००९ साली त्याचा परिभ्रमणकाल ८३ दिवसांवरून सुमारे ६७ दिवसांवर आणण्यात आला. त्यामुळे तो वास्तव्ययोग्य पट्ट्यात आला व त्याची ख्याती वाढली.

परंतु ग्रह कोणी पाहिला नव्हता. पाहिले होते ते केवळ वर्णरेषांचे स्थानांतर, सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाचे. असे स्थानांतर ताऱ्याचे स्वतःचे पृष्ठही घडवू शकते. चुंबकीय प्रदेशात तप्त वायूचे वर उसळणे दडपले जाते, आणि तारा स्वतःभोवती फिरताना तो प्रदेश आळीपाळीने समोर येतो व मागे जातो. वर्णपटाला हा भेद सहज उमगत नाही.

२०१४ साली पॉल रॉबर्टसन, सुव्रत महादेवन प्रभृतींनी हायड्रोजनच्या अल्फा रेषेशी वेगाची मोजणी ताडून पाहिली. ताऱ्याचा परिवलनकाल १३० दिवसांचा निघाला. 'डी'चा काल जवळजवळ त्याच्या निम्मा! पृष्ठक्रियेचा अंश वजा करताच 'डी' लोपला, आणि आतील तीन ग्रह मात्र अधिकच ठळक झाले. प्रस्तुत लेखकास हाच पुरावा निर्णायक वाटतो. २०१५ साली या गणितपद्धतीवर आक्षेप घेतला गेला, हेही नमूद केले पाहिजे.

पृथ्वी सूर्याला सेकंदाला अवघे ९ सेंटिमीटर हलविते.